दधीची आणि ससा

मार्च महिना हा सरकारी कचेरीतील कारकुनाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत अविचारी महिना होय. मंजूर झालेली रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्ची घालावयाची असते, बिलांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडतात, आणि आकडे जुळतात की नाही ह्यापलीकडे पाहण्यास कोणालाच सवड नसते. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका मार्चमध्ये, घरापासून दूर उत्तरेकडील एका शहरी, पशुवैद्यकीय संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या लेखाशाखेत आम्ही काम करीत होतो. हाती आलेल्या एका बिलात कापसाच्या गुंडाळ्या आणि इंजेक्शनच्या सुया ह्यांच्या मधोमध एक ओळ होती : 'ससे, पांढरे, नग २४'. पुढे खर्ची पडणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीचा पृष्ठक्रमांक होता. आम्ही दर तपासला, गुणाकार तपासला, बरोबरची खूण केली आणि पान उलटले.

त्याच आठवड्यात त्याच प्रयोगाचे दुसरे बिल आले. ते वेदनाशामक औषधाचे होते. एकाच तिमाहीत तेच औषध दुसऱ्यांदा खरेदी झाल्याचे दिसताच आमच्यातील कारकून जागा झाला. वरिष्ठांची मंजुरी चुकविण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे नियमबाह्य असल्याने खुलासा मागविण्यात यावा, असा शेरा लिहून आम्ही फाईल परत पाठविली. शेरा नियमाला धरून होता. आणि तो लिहिताना आम्हांला थोडेसे समाधानही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तीन दिवसांनी प्राणिगृहातील वृद्ध परिचर ती फाईल घेऊन आला. डॉक्टरसाहेबांचा लेखी खुलासा आत होताच. पण फाईल टेबलावर ठेवून तो क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, जिन्हें दर्द होता है, वे रात को दाना नहीं छूते." एवढे बोलून तो निघून गेला. आमच्या नियमांच्या पुस्तकात ह्या वाक्याला कोठेही जागा नव्हती.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण केवळ भूतदया हे नव्हते. त्यापूर्वी तीन वर्षे स्कूटरवरून पडून आमच्या उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले होते. प्लॅस्टर झाले, महिने लोटले, तरी हाड सांधेना. अखेर शल्यविशारदांनी आमच्याच कमरेच्या हाडाचा काही भाग काढून तो नडगीच्या फटीत भरला. नडगी सांधली, परंतु जिथून हाड काढले ती कमरेची जागा पुढे कित्येक महिने ठणकत राहिली. मूळ दुखण्यापेक्षा देणगीचे दुखणे अधिक, असा तो प्रकार होता. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री आम्ही परिचारिकेला तीन वेळा हाक मारून वेदनाशामक मागितले होते. दुसऱ्यांदा मागितले म्हणून आमच्याकडे कोणी खुलासा मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलो. आमचा आक्षेप त्यांनी मनावर घेतला नव्हता. उलट कोणा कारकुनाला प्रयोगाविषयी काही विचारावेसे वाटले ह्याचाच त्यांना आनंद झालेला दिसला. त्यांनी जे सांगितले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते थोडक्यात असे.

हाड हे शरीरातील मोठे विलक्षण द्रव्य आहे. कातडी फाटली की व्रण राहतो, पण हाड मोडले की त्याच्या जागी पुन्हा हाडच येते. मात्र ह्या सामर्थ्याला मर्यादा आहे. मधली फट फार मोठी असली तर दोन्ही टोके एकमेकांना भेटत नाहीत आणि मध्ये नुसते तंतुमय ऊतक भरते. अशा वेळी रुग्णाच्या स्वतःच्या कमरेचे हाड आणून भरणे हा जुना व खात्रीचा उपाय. पण ते हाड थोडे असते आणि त्याची किंमत आमच्यासारख्याला ठाऊक असते. १९६५ मध्ये मार्शल उरिस्ट ह्या अमेरिकन शल्यविशारदाने दाखवून दिले की, क्षार काढून टाकलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले, तर जिथे हाड नसते तिथेही नवे हाड तयार होते. हाडातच हाड घडविण्याची आज्ञा देणारे एक द्रव्य असले पाहिजे, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे त्या प्रथिनांचा शोध लागला. प्रश्न उरला तो एवढाच, की ही आज्ञा योग्य जागी, योग्य प्रमाणात आणि पुरेसा काळ कशी पोहोचवावी?

इथे जेल येते. हा शब्द मराठीत लिहिला की प्रथम तुरुंगच डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि पिंजऱ्यातील सशांचा विचार करता तो अर्थ अगदीच गैरलागू नाही. पण इथे अभिप्रेत आहे तो थंड झालेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखा, पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत पदार्थ. कोणी तो समुद्रातील तपकिरी शेवाळापासून करतात, कोणी कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून, तर कोणी जनावरांच्या कातड्याहाडांतून निघणाऱ्या जिलेटिनापासून. तो फटीच्या आकाराप्रमाणे आकार घेतो, पोटात औषध वा पेशी बाळगतो, ते हळूहळू सोडतो, आणि नवे हाड येऊ लागले की स्वतः विरघळून जातो. आपले काम संपताच जागा रिकामी करणारा असा सेवक सरकारी खात्यांत तरी विरळाच!

आता हे जेल खरोखर काम करते की नाही, हे पाहावयाचे कसे? जी फट आपोआप भरून येईल तिच्यावर औषध लावून उपयोग नाही. श्रेय निसर्गाचे की औषधाचे हे कळणार नाही. म्हणून जी फट त्या प्राण्याच्या हयातीत आपण होऊन कधीही भरणार नाही, तेवढी मोठी फट मुद्दाम करावी लागते. १९८६ मध्ये ह्या कल्पनेची रीतसर व्याख्या झाली. मोठ्या उंदराच्या कवटीला साधारणतः ८ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडतात. सशाच्या पुढच्या पायात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. त्यांतल्या एकाचा सुमारे १५ मिलिमीटरचा तुकडा काढतात, कारण दुसरे हाड भार पेलते आणि धातूची पट्टी बसवावी लागत नाही. आमच्या बिलातील चोवीस सशांपैकी आठांच्या फटीत औषधयुक्त जेल भरले होते, आठांच्या फटीत नुसते जेल होते, आणि उरलेल्या आठांची फट तशीच रिकामी ठेवलेली होती.

हा रिकामा गट आमच्या मनातून काही केल्या जाईना. त्या आठ सशांचे हाड काढावयाचे आणि त्यांना काहीही द्यावयाचे नाही; ते बरे होत नाहीत हे सिद्ध व्हावे, एवढेच त्यांचे काम. शास्त्राच्या दृष्टीने तो गट सर्वांत आवश्यक आहे. त्याच्यावाचून बाकीच्या सोळा सशांचे हाल निरर्थक ठरतील. म्हणजे इथे निष्ठुरता हा अपघात नाही, ती प्रयोगाच्या प्रामाणिकपणाची अट आहे. ज्या कृत्यात प्रामाणिकपणा आणि निष्ठुरता अशी एकमेकांत गुंतलेली आहेत, त्या कृत्याकडे नीतीने कोणत्या दृष्टीने पाहावे?

ह्या प्रश्नाला पहिले उत्तर हिशेबाचे आहे, आणि कारकुनाला ते तत्काळ पटते. एका बाजूस चोवीस ससे, दुसऱ्या बाजूस न सांधलेली हाडे घेऊन वर्षानुवर्षे कुबड्यांवर चालणारी असंख्य माणसे. बेरीज-वजाबाकी करून पाहा; शिल्लक स्पष्ट आहे. परंतु लेखाशाखेत जन्म काढणाऱ्यास हेही ठाऊक असते की, बेरीज बरोबर असणे आणि व्यवहार मंजूर असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका लेखाशीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवावयाची तर अधिकार असलेल्याची संमती लागते. रक्कम कितीही सत्कार्यी लागणार असली तरी संमतीवाचून ती अफरातफरच होय. सशाच्या खात्यातून आम्ही जे काढले, त्याला संमती कोणाची होती?

अस्थिदानाची आपल्याकडील थोर कथा दधीची ऋषींची. वृत्रासुराच्या वधासाठी इंद्राने त्यांच्या अस्थी मागितल्या, त्यांनी देहत्याग केला, आणि त्या अस्थींचे वज्र झाले. ते वज्र आजही आपल्या परमवीर चक्रावर कोरलेले आहे. आणि त्या पदकाची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये जन्मून एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या गृहिणी झाल्या होत्या, हे दूरदेशी राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना विशेष आनंदाने आठवते. पण त्या कथेचा प्राण अस्थींत नाही, मागण्यात आणि देण्यात आहे. इंद्राला याचक व्हावे लागले. दधीचींना 'नाही' म्हणता आले असते. सशापुढे कोणी याचक होऊन उभा राहत नाही आणि त्याला 'नाही' म्हणता येत नाही. असे असूनही प्रयोगशाळांच्या इंग्रजी बोलीत प्रयोगाअंती प्राण्याला मारण्यास जो शब्द रूढ आहे, त्याचे मराठी 'बलिदान' असेच होईल. आमच्या मते हा शब्द वापरण्याचा अधिकार आपणांस नाही. बळी देणारा आणि बळी जाणारा एकच असेल तेव्हा ते बलिदान. एरवी बळी घेतलेला असतो. घेतलेल्याला दिलेले म्हणणे हा लेखाशास्त्रातही गुन्हा आहे.

दुसरे उत्तर ह्याच्या अगदी उलट आहे. जे संमतीने मिळत नाही ते घेऊच नये. प्राण्यांवरील प्रयोग समूळ बंद करावेत. ह्या मताचा आम्ही मनापासून आदर करतो. अहिंसेचा उच्चार ज्या भूमीत इतक्या प्राचीन काळी झाला, तिथे ह्या मताला उपहासाने उडवून लावणे शोभणारे नाही. तथापि ते स्वीकारताना त्याची किंमतही उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात माणसांवर अमानुष प्रयोग करणाऱ्या जर्मन डॉक्टरांवर खटला चालला, आणि १९४७ मध्ये त्याच्या निकालाबरोबर न्यूरेंबर्ग येथे जी आचारसंहिता जाहीर झाली, तिच्यात एक कलम असेही आहे की, माणसावरील प्रयोग हा प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा. माणसाच्या देहाचे रक्षण करण्यासाठी लिहिलेल्या त्या थोर संहितेने ह्याप्रमाणे प्राण्याला माणसापुढे उभे केले.

ह्याला पर्याय नाहीत असेही नाही. काचेच्या बशीतील पेशींवर बरेच काही कळते. २००६ मध्ये असे दिसून आले की, एकाच जातीच्या मूळ पेशी मऊ जेलवर ठेवल्या तर मज्जापेशींच्या वळणावर जातात आणि कठीण जेलवर ठेवल्या तर हाडाच्या पेशींच्या वळणावर. अशा प्रयोगात कोणाचे हाड मोडावे लागत नाही. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने आणि २०२३ मध्ये भारताने आपापल्या औषधविषयक नियमांत प्राण्यांवाचून होणाऱ्या चाचण्यांना वाट करून दिली, हीही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बशीत रक्त वाहत नाही, बशीवर देहाचा भार पडत नाही, बशीला म्हातारपण येत नाही. फटीत भरलेले जेल चालत्या पायात काय करील, हे आज तरी पूर्णपणे बशी सांगू शकत नाही. आणि आम्ही स्वतः, पाय धरून बसलेले, 'ससा नको, आमच्यावरच प्रथम करून पाहा' असे म्हणालो असतो का? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर नाही. जी गोष्ट स्वतः द्यावयास आम्ही तयार नव्हतो, तीच दुसऱ्याकडून घेतलेली आम्हांस चालणार होती.

तेव्हा पहिले उत्तर आम्हांला खोटे वाटते आणि दुसरे पेलत नाही. मग उरते काय? आमच्या अल्पमतीला असे वाटते की, उरते ते ऋण. आपण घेतले आहे, न विचारता घेतले आहे, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला ते परत करणे शक्य नाही. ही स्थिती समर्थनीय आहे असे म्हणण्याऐवजी ती ऋणाची आहे असे म्हणण्याने फरक पडतो. समर्थन झाले की प्रकरण निकाली निघते आणि फाईल बंद होते. ऋण मात्र खात्यावर उभे राहते, आणि ऋणाला अटी असतात.

त्या अटी काही अंशी आपल्या कायद्याने लिहून ठेवल्या आहेत. १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खाजगी विधेयक मांडले. त्यातून पुढे १९६० चा अधिनियम झाला. त्या अधिनियमाने ज्ञानासाठी व रोगनिवारणासाठी होणारे प्रयोग बेकायदा ठरविले नाहीत, पण बंधने घातली. प्रयोग पुरेशा गुंगीखाली, काळजीने व माणुसकीने व्हावा. केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग होऊ नये. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये. प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ मध्ये प्रथम स्थापन झाली. १९५९ मध्येच रसेल आणि बर्च ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगितली होती : शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. भारतीय समितीने त्यांत चौथ्या सूत्राची भर घातली, ती पुनर्वसनाची. सशासारखा प्राणी यातना लपवितो, कारण रानात यातना दाखविणारा प्रथम मारला जातो. म्हणून २०१२ मध्ये संशोधकांनी सशाचे आकसलेले डोळे, चपटे झालेले गाल आणि कानांची ठेवण ह्यांवरून वेदना मोजण्याची रीत बसविली. आमच्या वृद्ध परिचराने तीच गोष्ट न शिवलेल्या दाण्यावरून ओळखली होती.

परंतु कायद्यात न लिहिलेली एक अट आम्हांला ह्या सर्वांहून मोठी वाटते, आणि ती सत्याची आहे. ज्याच्याकडून आपण न विचारता घेतले, त्याच्या हाडाने दिलेली साक्ष तरी जशीच्या तशी नोंदविली गेली पाहिजे. उरिस्टच्या शोधातून निघालेल्या प्रथिनाचीच पुढची हकीगत पाहा. कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत ते वापरण्यास अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. लहान प्राण्याला त्याचे काही मायक्रोग्रॅम पुरत. माणसाला मिलिग्रॅम द्यावे लागले, म्हणजे मात्रा कित्येक पटींनी वाढली. २००८ मध्ये तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की, मानेच्या मणक्यात हे द्रव्य वापरल्यास सूज येऊन श्वास कोंडण्याचा धोका आहे. २०११ मध्ये त्याच विषयाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने दाखवून दिले की, आरंभीच्या निबंधांत दुष्परिणाम यथायोग्य नोंदविलेच गेले नव्हते. २०१३ मध्ये तटस्थ अभ्यासकांनी सर्व मूळ माहिती पुन्हा तपासली, तेव्हा रुग्णाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडापेक्षा त्याचा ठळक फायदा सिद्ध होत नाही असे दिसून आले. ही हानी सशांनी केली नाही. त्यांच्या हाडांनी खरे तेच सांगितले होते. प्राण्यांकडून माणसापर्यंत येताना ज्ञानाच्या साखळीत जी कडी कच्ची निघाली, ती माणसाच्या हातची होती. हळूहळू औषध सोडणाऱ्या जेलचा शोध आज इतक्या आस्थेने चालला आहे, त्याचे एक कारण हेच की, मोठ्या मात्रेवाचून काम व्हावे.

आम्ही डॉक्टरसाहेबांना विचारले, "आपल्या प्रयोगात जेल अपयशी ठरले तर?" ते किंचित हसले आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखविले. तिथे एका जुन्या प्रयोगाची बाडे होती. तेही जेल होते, तेही ससे होते. हाड आले नाही, म्हणून निबंध लिहिला गेला नाही. "न आलेल्या हाडाचा निबंध कोण छापणार?" ते म्हणाले. ह्याचा अर्थ असा की, उद्या दुसऱ्या एखाद्या शहरी दुसरा कोणी तेच जेल तितक्याच सशांवर करून पाहील आणि त्याचेही हाड येणार नाही. लपविलेले अपयश हे त्या मुक्या जिवांचे दुसरे मरण होय. पहिल्या मरणाला काही कारण तरी होते.

आम्ही हे बोलून दाखविले तेव्हा डॉक्टरसाहेब गप्प राहिले. रागावले नाहीत. पुढे काही महिन्यांनी आमची बदली झाली. निघताना भेटावयास गेलो तेव्हा ती जुनी बाडे कपाटातून निघून टेबलावर आली होती आणि त्यांतील आकडे ते नव्या कागदावर उतरवीत होते. तो निबंध कोठे छापून आला की नाही, ह्याची चौकशी आम्ही केलेली नाही. छापून आला नसेल तरी तो लिहिला गेला, एवढे आम्ही पाहिले.

आमच्या हाती काय होते? संशोधन थांबविणे नव्हते, चालविणे नव्हते. कारकुनाच्या हाती शेरा असतो. वेदनाशामकाच्या बिलावरील आक्षेप आम्ही मागे घेतला आणि लिहिले, 'खुलासा समाधानकारक. शस्त्रक्रियेच्या प्रमाणात औषधाची पुन्हा खरेदी आवश्यक. बिल पास करावे.' नंतर सशांचे बिल पुन्हा काढून पाहिले. 'नग २४' ही अक्षरे तशीच होती; त्यांत बदल करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता आणि नमुन्यात दुसरा शब्दही नव्हता. पण त्या दिवसापासून अशा बिलावर खूण करताना हात क्षणभर थांबतो. थंडीच्या दिवसांत कमरेची ती जागा अजून ठणकते, तेव्हाही तो हिशेब आठवतो. आणि जे आपण मागितले नाही, तरीही घेतले, त्याला दान म्हणून मोकळे होण्याचा मोह आवरता येतो.